माझी शांत शैली कुठून आली

माझे लहानमोठे सगळे घोटाळे माझ्या नवऱ्याला माहीत आहेत. कॉलेजात कुणाला काय थापा मारल्या, सासूबाईंनी दिलेली साडी मी परस्पर कुणाला देऊन टाकली — सगळं. हा एक सोडून. आईला नाही सांगितला, मैत्रिणींना नाही, आणि मध्ये ज्या थेरपिस्टकडे मी स्वतः जात होते तिलाही नाही. तिच्यापुढे मी माझ्या वडिलांवरून भरपूर रडून घेतलं. वडील बिचारे साधे होते. रडायचं होतं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी, पण ती तिला सांगितली असती तर — ती याच धंद्यातली ना, तिला पहिल्या वाक्यातच कळलं असतं. तुम्हाला आधी थोडं समजावून सांगावं लागेल. म्हणून तुम्हाला सांगणं सोपं आहे.

सोपं कसलं? बघा, सुरुवातीलाच खोटं बोलले.

मी फॅमिली थेरपिस्ट आहे. म्हणजे एकट्या माणसाशी नाही, सगळ्या घराला एका खोलीत बसवून बोलायचं. पुण्यात आता याला बरी मागणी आहे. शिवाय मी शिकवते. आणि माझे विद्यार्थी माझ्याबद्दल एकच गोष्ट सांगत फिरतात — मॅडम किती शांत असतात! घरातली माणसं एकमेकांच्या अंगावर जातात आणि मॅडम नुसत्या बसलेल्या. कुणाची बाजू नाही, चेहऱ्यावर काही नाही. याला आमच्याकडे तटस्थता म्हणतात. ती माझी खासियत आहे म्हणे.

परवा वर्गात सरावासाठी खोटं-खोटं सेशन लावलं होतं. एक मुलगी थेरपिस्ट झाली होती. हात मांडीवर, मान किंचित कललेली, हुबेहूब मी. समोर दुसरी मुलगी सून होऊन रडत होती, हिला विचारत होती, तुम्हीच सांगा मॅडम, माझं चुकलं का? आणि ही ढिम्म. मला इतका संताप आला की मी उठून बाहेर व्हरांड्यात गेले. परत आले तर तिचा चेहरा पडलेला. तिला वाटलं तिचं काहीतरी चुकलं. तिचं काय चुकणार? मी शिकवलं तेच ती करत होती. मी तिला "छान" म्हटलं आणि पुढच्या मुलाला बोलावलं.

हे "छान" मी किती वर्षं म्हणतेय. आता त्याचाच उबग आलाय. म्हणून लिहायला बसले.

तर — एम.ए. झाल्यावर मी फॅमिली थेरपीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम घेतला. सदाशिव पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. खाली चष्म्याचं दुकान, समोर स्पर्धा परीक्षांचा क्लास; खिडकी उघडली की आमच्या सेशनमध्ये राज्यघटनेची कलमं ऐकू यायची. पहिलं वर्ष नुसती थिअरी. आणि थिअरी मला फार आवडायची हो. एक पंथ म्हणतो, घराची रचना बघा, कोण कुणाच्या डोक्यावर बसलंय ते बघा. दुसरा म्हणतो, तीन पिढ्या मागे जा. तिसरा म्हणतो, माणसं स्वतःबद्दल जी गोष्ट सांगतात ती गोष्टच त्यांना नव्याने सांगायला लावा. मला सगळेच पंथ पटायचे. ज्याचं पुस्तक हातात असेल तो माझा पंथ. परीक्षेला याचा फायदाच झाला.

त्यातल्या त्यात माझा हातखंडा होता तो त्रिकोणावर. त्रिकोण म्हणजे काही अवघड नाही — तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या घरात असतो. दोन माणसांना एकमेकांशी जे बोलता येत नाही, ते ती तिसऱ्याकडे जाऊन बोलतात. तिसऱ्याला वाटतं, आपण किती मदत करतोय! आणि तो आहे म्हणूनच त्या दोघांचं बोलायचं राहून जातं. म्हणून थेरपिस्टने कधीही असा तिसरा होऊ नये. यावर मी वर्गात असं काही तासभर बोलले होते की आमचे सर म्हणाले, "हे पुढच्या बॅचला ऐकवायला हवं."

दुसऱ्या वर्षी खरी माणसं समोर आली आणि माझी हवाच गेली. दुसऱ्या वर्षी थिअरी पुरत नाही, स्वतःची शैली लागते. सरांचा तो ध्यास होता. पुस्तकं सगळ्यांची एकच, पण खोलीत जाऊन बसतं ते माणूस. ते माणूस कसलं आहे हे शोधा — हे सर रोज सांगायचे. माझ्या बरोबरच्या सायलीला शोधावं लागलंच नाही. ती पहिल्यापासून थेट होती. "काका, तुम्ही मघापासून काकूंना बोलूच देत नाही आहात," असं ती हसत हसत म्हणायची आणि काका चक्क गप्प बसायचे. मी तेच म्हटलं असतं तर काका उठून गेले असते. मी आपली "यावर तुम्हाला काय वाटतं" आणि "हे ऐकून तुमच्या मनात काय येतं" यात घोटाळत राहायचे. सर एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "तुम्ही बोलता तेव्हा ग्रंथालयात बसल्यासारखं वाटतं." झालं कौतुक. सगळे हसले, मीही हसले.

मी काय काय केलं सांगू? सरांसारखी पेन फिरवण्याची सवय लावून घेतली. हातमागाचे कुर्ते शिवले. महिनाभर सायलीसारखं थेट बोलून बघितलं, तर एका आजींनी मला उद्धट म्हटलं. मग प्रेमळ व्हायचं ठरवलं. रोज संध्याकाळी घरी सहकारनगरला स्कूटरवरून जाताना मी स्वतःवर नुसती चरफडत असायचे. वर्षाच्या शेवटी प्रत्येकाने आपापल्या शैलीवर परीक्षकांसमोर बोलायचं होतं, आणि माझ्याकडे शैली म्हणून दाखवायला काही नव्हतं. वर्गात पहिली येणारी मुलगी मी. मला नापास व्हायची सवय नव्हती.

आता दोन गोष्टी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या सेशनच्या खोलीत एका भिंतीला मोठा आरसा होता. आतून आरसा, पलीकडून काच. पलीकडच्या अंधाऱ्या खोलीत सर आणि बाकीचे विद्यार्थी बसून सगळं बघायचे, ऐकायचे. येणाऱ्या घराला हे आधी सांगितलेलं असायचं. आणि दुसरी गोष्ट — एक नियम होता. घरातल्या एकाशी बाहेर, परस्पर, फोनवर काही बोलायचं नाही. कुणी गाठलंच तर ते सरांना सांगायचं आणि पुढच्या सेशनला सगळ्या घरासमोर ठेवायचं. का, ते तुमच्या लक्षात आलं असेल. त्रिकोण. आदल्या वर्षी एकीने हे लपवलं तर सरांनी तिची सेशन्स बंद केली होती, तिला ते वर्ष पुन्हा करावं लागलं.

मग माझ्याकडे ते वाघोलीचं घर आलं. नावं बदलते आहे. त्यात मी तरबेज आहे.

शीतल सून. पंचविशीची, माझ्याच वयाची, शिरूरकडची. अमोल तिचा नवरा, हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये. अण्णा सासरे, जिथे त्यांची ज्वारी व्हायची तिथे आता त्यांच्याच इमारती. सासूबाई फारशा बोलायच्या नाहीत. शीतलचं डोकं दुखायचं, जेवण जायचं नाही, दिवसदिवस ती खोलीतून बाहेर यायची नाही. सगळ्या तपासण्या करून झाल्या, काही निघालं नाही, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी आमच्याकडे पाठवलं. अण्णा वाईट नव्हते, हे मला नीट सांगितलं पाहिजे. पहिल्या दिवशी ते झाडाचे पेरू घेऊन आले, आरशापलीकडच्या पोरांनाही द्या म्हणाले. "सुनंला लेकीगत ठिवलंय बाई," ते म्हणाले, "कशाची म्हून कमी न्हाई." आणि ते खरंच होतं.

कमी होती ती वेगळीच. अमोल पहाटे कंपनीच्या बसने निघायचा तो अंधार पडल्यावर यायचा. वाघोली आणि हिंजवडी — पुण्याची दोन टोकं. घरात ती, सासू-सासरे, आणि दिवसभर अण्णांकडे येणारी-जाणारी माणसं. हे सगळं पहिल्या दोन-तीन सेशनमध्ये आलं. पण हवंय काय, हे कुणी बोलेना. मी विचारायचे, "काय बदललं तर बरं वाटेल?" शीतल अमोलकडे बघायची आणि अमोल जमिनीकडे.

मग एका संध्याकाळी अमोलचा फोन आला. मागे एकदा वेळ बदलायची होती म्हणून मी माझ्या मोबाइलवरून त्याला कळवलं होतं, तो नंबर त्याने ठेवला होता. मी टिळक रस्त्यावर होते, स्कूटर कडेला घेतली. तो बसमध्ये होता, गर्दीत अडकलेला. मागून हॉर्न ऐकू येत होते. तो म्हणाला, मॅडम, आम्हाला दोघांनाही वेगळं राहायचंय. हिंजवडीजवळ, वाकडला भाड्याने घर घ्यायचं आम्ही ठरवलंय. मीच तिला म्हणालो. पण अण्णांसमोर माझं तोंड उघडत नाही, आजवर कधी उघडलं नाही. तुम्ही विषय काढा. मी म्हणालो असं मात्र कळू देऊ नका. हे सांगताना तो रडायला लागला — भर बसमध्ये, तीस वर्षांचा माणूस.

तिथेच मी म्हणायला हवं होतं की हे मला सांगू नका, तिथे सगळ्यांसमोर सांगा, मी सोबत आहे. पाठ होतं मला ते वाक्य. पण खरं सांगू? मला इतकं भारी वाटलं! वर्षभर सगळे म्हणत होते की हिच्याशी कुणी मोकळं होत नाही, आणि हा माणूस मला फोन करून रडत होता. मला वाटलं, हीच माझी शैली — माणसं माझ्यापाशी मन मोकळं करतात. मी त्याला शब्द दिला. म्हणाले, काळजी करू नका, मी बघते.

आणि सरांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी तो फोन पुढच्या सेशनला सगळ्यांसमोर ठेवायला लावला असता, आणि मी तर शब्द देऊन बसले होते. हे एक कारण. दुसरं म्हणजे मला सरांची भीती वाटत होती. दुसरंच खरं.

ते सेशन एका शनिवारी होतं. मी एक छान प्रश्न तयार करून नेला होता, वेगळं राहण्याचा विषय अलगद निघेल असा. पण अण्णांनी सुरुवातीलाच घरातल्या कुठल्याशा कार्याचं काढलं, ते बोलत राहिले, आणि मी माझा प्रश्न हातात धरून बसले. शेवटी शीतलच बोलली. मी तिला इतकं स्पष्ट बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. आम्हा दोघांना वाकडला राहायचंय, ती म्हणाली. दर रविवारी येऊ, सणाला येऊ, पण राहू तिकडे. हे यांनीच मला म्हटलंय.

समोरच्या क्लासमधलं तेवढं ऐकू येत होतं. अण्णांनी पोराकडे बघितलं. रागाने नाही — दुखावून. ते जास्त वाईट.

"म्हनला व्हतास का रं?"

अमोल म्हणाला, "नाही अण्णा. मी असं काही म्हटलेलं नाही."

शीतलने त्याच्याकडे नुसतं बघितलं. मग ती माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, कारण तिला माहीत होतं की माझ्याकडे पुरावा आहे. अमोलने घरी जाऊन तिला फोनचं सांगितलं असणार. ती म्हणाली, "मॅडम, यांनी तुम्हाला फोन केला होता ना? तुम्हाला पण सांगितलंय. सांगा ना."

अमोल म्हणाला, "मी कुणालाही फोन केलेला नाही."

आता सगळे माझ्याकडे बघत होते. अण्णा, सासूबाई, अमोल. अमोलची नजर मला आजही आठवते, ती गयावया करत होती. आणि समोर आरसा. आरशात मीच दिसत होते, पण मागे सर होते, हे मला माहीत होतं. एक शब्द बोलायचा होता. "हो." बस. मी "हो" म्हटलं असतं तर अमोल उघडा पडला असता, अण्णांना धक्का बसला असता, सरांनी माझी सेशन्स बंद केली असती — आणि त्या मुलीचं खरं ठरलं असतं. मी गप्प बसले. नुसती गप्प. हात मांडीवर, कारण ते थरथरत होते. मान कललेली, कारण तिच्याकडे सरळ बघवत नव्हतं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही.

आणि मग मी बोलले. इथे जरा थांबते.

नुसती गप्प राहिले असते तर तो भित्रेपणा झाला असता. भित्री माणसं पुष्कळ असतात, मी त्यातली एक. पण मी गप्प नाही राहिले. मी माझ्या सगळ्यात मऊ आवाजात म्हणाले, "शीतल, तुम्हाला असं फार वाटतंय, की कुणीतरी तुमच्या बाजूने आहे."

कळलं का तुम्हाला, मी काय केलं ते? फोन आला होता, ही घडलेली गोष्ट. मी तिचं "वाटणं" करून टाकलं. अभ्यासक्रमात हे शिकवतात — माणूस काय म्हणतंय त्यात अडकू नका, त्यामागे काय वाटतंय ते हेरून बोला. चांगलं तंत्र आहे, मी रोज वापरते. त्या दिवशी मी ते एका खरं बोलणाऱ्या बाईला गप्प करायला वापरलं. हे करायला शिकलेलंच माणूस लागतं. अडाण्याला नसतं जमलं.

शीतलचं तोंड थोडं उघडं राहिलं. तिने अमोलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. दोन्हीकडून काहीच आलं नाही. मग ती अगदी हळू म्हणाली, "वाटलं असेल मला." आणि त्यानंतर ती त्या खोलीत बोलली नाही.

ते लोक गेल्यावर सर पलीकडून आले. सर येऊन समोर बसले आणि म्हणाले, "आज पहिल्यांदा तुम्ही दिसलात." मला कळेना. ते म्हणाले, केवढा दबाव होता, ती मुलगी तुम्हाला सरळ त्रिकोणात ओढत होती, आणि तुम्ही हलला नाहीत. खरं-खोटं करत न बसता तिच्या भावनेपाशी गेलात. ही तटस्थता शिकवून येत नाही. बाकीच्या मुलांनीही माना हलवल्या. सायली म्हणाली, मला नसतं जमलं. खरंच आहे. सायली "हो, आला होता" म्हणून मोकळी झाली असती.

मग सर उठता उठता म्हणाले, "तो फोनचा काय प्रकार? आला होता का खरंच?"

विचारलं त्यांनी. सरळ विचारलं. दार उघडून धरलं होतं माझ्यासाठी.

"नाही सर," मी म्हणाले.

सर पुन्हा खुर्चीत बसले. मग म्हणाले, असं असेल तर हे साधं नाही. न झालेलं बोलणं तिला झालंय असं वाटतंय, ठामपणे. तिला एकदा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला हवं. आणि हे अण्णांना कळवायचं कामही त्यांनी माझ्यावरच सोपवलं. मी फोन लावला. हो, त्यासाठी फोन लावला मी. अण्णा म्हणाले, बरं झालं बाई, रोग तर सापडला. त्यांच्या आवाजात सुटल्यासारखं होतं. पोरगा वेगळा व्हायचं म्हणत नव्हता, सुनेचा आजार तसं म्हणत होता.

पुढचं लवकर सांगते. तिला गोळ्या चालू झाल्या. मग एक दिवस अण्णांनी कळवलं की आता यायची गरज नाही, बरं चाललंय. सर म्हणाले, येतात-जातात घरं, मनाला लावून घेऊ नका. अमोलचा पुन्हा कधी फोन आला नाही. मी त्याचा नंबर काढून बऱ्याच वेळा बघत बसले, लावला नाही. लावून काय म्हणणार होते? तू आधी बोल, मग मी बोलते?

वर्षाच्या शेवटी मी परीक्षकांसमोर माझ्या शैलीवर बोलले. तटस्थता. त्या शनिवारचंच उदाहरण दिलं — दुसरं होतं काय माझ्याकडे? मी पहिली आले. सरांनी मला शिकवायला ठेवून घेतलं, आणि दर वर्षी मी तेच उदाहरण देते. नाव बदलून, गाव बदलून. पोरं वहीत उतरवून घेतात. आणि गंमत बघा, पुढे ती शैली मला खरंच आली. आता माझ्या समोर कुणी कितीही रडलं तरी माझे हात थरथरत नाहीत. कधी कधी वाटतं, आज तरी थरथरू देत. नाही थरथरत. मग घरी येऊन मी भांडी आपटते आणि नवरा विचारतो, काय झालं. काही नाही, म्हणते.

म्हणजे "ती नाहीतरी आजारी होतीच" असं मी स्वतःला समजावून बघितलं नाही असं नाही. डोकं दुखायचं, जेवत नव्हती. गोळ्यांनी त्याला उतार पडलाही असेल. पण तिला न झालेलं ऐकू येतं, हे मी सांगितलं म्हणून ठरलं. ते कुठल्याच बाजूने वळवता येत नाही. मी वळवण्यात हुशार आहे, मलाही नाही आलं.

इथवर आठ-नऊ वर्षांपूर्वीचं झालं. इथेच थांबले असते तर बरं होतं. पण गेल्या मार्चमध्ये मला वाघोलीला बोलावलं. एका सोसायटीत महिलांचा कार्यक्रम होता, विषय — "घरात मोकळं बोलूया." मी गेले. हे विषय मला झोपेतही येतात. तासभर बोलले, बायकांनी प्रश्न विचारले, मला रोपटं दिलं. चहा घेत होते तर एक बाई समोर येऊन उभी राहिली. अंगाने भरलेली, हसरी, बरोबर शाळेत जाणारी मुलगी. मी ओळखलं नाही. ती म्हणाली, "मी शीतल. तुमच्याकडे यायचो आम्ही, सदाशिव पेठेत."

चहा माझ्या हातात तसाच राहिला. ती मात्र मोकळेपणाने बोलत होती. बरं चाललंय म्हणाली. अण्णा दोन वर्षांमागे गेले. हे अजून हिंजवडीलाच, अजून त्याच बसने. गोळी चालू आहे पण डॉक्टरांनी लहान केली आहे. मग जरा लाजून म्हणाली, "तेव्हा मला काय काय वाटायचं ना मॅडम. हे म्हणालेत असं वाटायचं. तुम्हाला फोन केलाय असं पण वाटायचं. म्हणजे बघा."

मी कप खुर्चीवर ठेवला.

"पण एक सांगू? त्या दिवशी सगळ्यांनी मला खोटं ठरवलं. तुम्ही तेवढं मला खोटं म्हटलं नाहीत. मला त्याचा फार आधार वाटला होता." आणि तिने माझा हात धरला.

आजूबाजूला बायका, ताटल्या, खुर्च्या उचलायची गडबड. पण आम्ही कोपऱ्यात होतो, ऐकणारं कुणी नव्हतं. आरसा नव्हता, सर नव्हते, परीक्षा नव्हती. अण्णासुद्धा नव्हते. मला कुणाची भीती होती सांगा? मग तिनेच विचारलं, आवाज उतरवून, मुलगी जरा पलीकडे गेलेली बघून. तिला हे बरेच दिवस विचारायचं होतं म्हणाली. "हे मुलीत येतं का हो मॅडम? माझं हे, न झालेलं ऐकू यायचं? ती पण कधी कधी सांगते, पप्पा असं म्हणाले, आणि हे म्हणतात मी म्हटलंच नाही. मग मला भीती वाटते."

तुम्हाला वाटत असेल, आता तरी ही बोलली असेल. मलाही क्षणभर तसंच वाटलं. वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. मग आलं ते दुसरंच — आता सांगून हिचा संसार मोडेल, इतक्या वर्षांनी हिला का हलवायचं, हे हिच्या भल्याचं नाही. चांगलं कारण होतं. माझ्याकडे कारणं चांगलीच असतात.

मी म्हणाले, "एकदा डॉक्टरांना विचारून घ्या."

ती "हो हो" म्हणाली. मग तिने मुलीला जवळ बोलावलं आणि मला पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. तिने मुलीला विचारलं, "काय म्हणाल्या गं मॅडम?"

"डॉक्टरांना विचारा म्हणाल्या," मुलगी म्हणाली. तिला याची सवय असावी; हातातला लाडू खाता खाताच तिने सांगितलं.

शीतल माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, "माझं ऐकण्यात चुकतं ना, म्हणून हिला विचारून घेते. कुणी काहीही बोललं तरी घेते."

मी तिला निरोप दिला, रोपटं गाडीत ठेवलं आणि घरी आले.

तिचं ऐकण्यात काही चुकलेलं नव्हतं. अमोल म्हणाला होता. तिला म्हणाला होता, मलाही म्हणाला होता, फोनवर, रडत. त्या दिवशी त्या खोलीत आम्ही इतकी माणसं होतो, आणि खरं बोलणारी ती एकटी होती. हे तिला मी अजून सांगितलेलं नाही.